महालक्ष्मीची आंबील आणि लाल मिलो

परवा नात सुट्टीत आली होती. येताना पुण्याहून माझ्यासाठी खाऊ म्हणून ज्वारीच्या बिस्किटांचा पुडा घेऊन आली. पुड्यावर लालसर दाण्यांच्या राशीचं चित्र होतं. पुडा माझ्या हातात देऊन विचारते, "आजी, तुमच्या वेळी मिलेट्स होते का गं?"

मला हसूच आलं. अगं, आमच्या वेळी दुसरं होतं काय! पण चित्रातल्या त्या लाल दाण्यांकडे नजर गेली आणि हसू जागच्या जागी थांबलं. पन्नास वर्षांपूर्वीचं बाभुळगावचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं. नातीला तेव्हा थोडक्यात काहीतरी सांगितलं, पण मनात राहिलंच. म्हणून आज सगळं लिहून काढते आहे.

माझं लग्न १९७२ च्या मे महिन्यातलं. माहेर अमरावतीचं. वडील कचेरीत कारकून, घरात पोळ्या. बाभुळगावला सासर. यवतमाळहून धामणगावच्या रस्त्याला एसटीत बसलं की वाटेत लागतं ते बाभुळगाव. आता तालुका आहे, तेव्हा मोठं खेडंच होतं. वडिलांनी हे स्थळ पाहिलं त्याचं कारण एकच, घरची शेती होती. कोरडवाहू का होईना, पण जमीन. "पोरीला दाण्याची ददात पडायची नाही," असं ते आईला म्हणाल्याचं मी दाराआडून ऐकलं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

सासरचं स्वयंपाकघर म्हणजे मातीची चूल, एक वैल, भिंतीला धुराचा काळा थर आणि कोपऱ्यात पऱ्हाटीचा भारा. आमचा भाग कापसाचा. कापूस वेचून झाला की उभी पऱ्हाटी उपटायची आणि वर्षभर चुलीत जाळायची. तुराट्याही असत, पण त्या भुर्रकन जळून जात. रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकर, तुरीचं वरण नाहीतर बेसन, अंबाडीची किंवा चिवळाची भाजी आणि जवसाची चटणी. भात सणावाराला. पोळी पाहुणा आला तर.

मला भाकर येत नव्हती. पहिले पंधरा दिवस माझ्या भाकरीचा नकाशा व्हायचा. सासूबाई काठवटीशेजारी बसून बघायच्या. रागावायच्या नाहीत, नुसतं म्हणायच्या, "हात ओला कर वं माय, पिठाले घाबरू नोको." आमच्याकडे वऱ्हाडीत बायकासुद्धा 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. अमरावतीच्या शाळा-कॉलेजात वाढलेल्या मला आधी त्याचंही हसू यायचं. पुढे माझी बोलीही तशीच झाली.

त्या वर्षी पाऊस आला नाही.

१९७२ चा दुष्काळ म्हटलं की लोकांना सोलापूर, बीड, आताचे अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर हे जिल्हे आठवतात, आणि ते बरोबरच आहे. आधीची दोन वर्षंही तिकडे ओढीचीच गेली होती, त्यावर बहात्तरचा घाव बसला. आमच्या जिल्ह्याची गत तेवढी वाईट नव्हती. पण दाण्याचा दुष्काळ काही जिल्ह्याची हद्द पाहून थांबत नाही. लेव्हीचे दिवस होते. बाजारात ज्वारी दिसेना, दिसली तर परवडेना. मुख्यमंत्री वसंतराव नाईक आमच्याच जिल्ह्यातले, पुसदजवळच्या गहुलीचे. त्यांच्या सरकारने गावोगावी कामं काढली. विहिरी, नाला बांध, पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणं. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगावकडे जी कल्पना आधी करून पाहिली, तिची रोजगार हमी योजना झाली ती याच काळात. तिचा कायदा १९७७ चा. नंतर मी शिक्षिका झाल्यावर दर महिन्याच्या पगारातून व्यवसाय कर कापला जायचा. तो कर १९७५ साली मुळात या योजनेसाठीच बसवला होता. शिक्षक-खोलीत सगळे त्या कपातीवर कुरकुर करायचे. मी कधी केली नाही. का, ते तिथे कुणाला सांगितलं नाही.

आमची बहात्तरची ज्वारी निम्मीसुद्धा झाली नव्हती. ती होळीपर्यंत पुरली. मग कंट्रोलच्या दुकानातून घरात मिलो आली.

मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिकडे ती गुराढोरांना घालतात हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी सांगितलं कोण जाणे, पण ठाऊक होतं, आणि त्यामुळे घास आणखीच जड व्हायचा. पिठाला चिकटपणा नाही. थापायला घेतलं की कडा फाटायच्या. सासूबाईंनी मग पाण्याला चांगली उकळी आणून त्यात पीठ घालायला सुरुवात केली. उकड काढून, गरम असतानाच मळायचं आणि लगेच थापायचं. हात पोळायचे. भाकर तव्यावर असते तोवर बरी, ताटात थंड झाली की खापरासारखी. रंग विटकरी. माझे सासरे ती वरणात कुस्करून मुकाट्याने खायचे. ते तुकडोजी महाराजांचे माणूस. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला न चुकता जायचे, ग्रामगीतेची पोथी कोनाड्यात असायची. अन्नाला नाव ठेवायचं नाही हा त्यांचा नेम होता.

सासूबाईंचा देव वेगळा. त्यांचं सगळं वर्ष एका सणाकडे डोळे लावून असायचं. भाद्रपदातल्या महालक्ष्म्या. पश्चिम महाराष्ट्रात ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्याकडे महालक्ष्म्या, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. अनुराधा नक्षत्रावर यायच्या, ज्येष्ठावर जेवायच्या, मूळावर जायच्या. पुरणपोळी, सोळा भाज्या, कढी, भजी, वर टांगलेला फुलोरा, सगळं असतं. पण आमच्या भागात ज्या एका पदार्थावाचून महालक्ष्मी जेवत नाही असं मानतात तो सगळ्यात साधा, ज्वारीची आंबील. ज्वारी भिजवायची, कांडायची, भरड काढून आंबट ताकात शिजवायची. मीठ, जिरं, आलं. बस्स. श्रीमंताघरीही तीच आणि गरिबाघरीही तीच.

ती आंबील घरच्या गावरान ज्वारीचीच हवी हा सासूबाईंचा हट्ट होता. शेतात हायब्रीड ज्वारी आली होती, तिची सुद्धा चालायची नाही. हायब्रीड लवकर निसवते, पावसात सापडते, दाणा काळा पडतो, भाकरीला गोडी नाही, अशी त्यांची तक्रार. म्हणून एक पट्टा त्या हट्टाने गावरानचा पेरायला लावायच्या. त्यातली पाच शेर ज्वारी एका मडक्यात, वर कडुनिंबाचा पाला, तोंडाला शेणाने लिंपलेलं झाकण, अशी देवघराच्या कोपऱ्यात ठेवलेली असायची. घरात मिलो शिरली तरी त्या मडक्याला कुणी हात लावला नव्हता.

तो हात मी लावला.

१९७३ चा वैशाख. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला कळंबला गेल्या होत्या. अचानक माझा मोठा भाऊ मला न्यायला आला. उन्हातून आलेला, घामाघूम. मी त्याला गूळपाणी दिलं आणि आत येऊन पिठाचा डबा उघडला. लाल पीठ. आणि वडिलांचं ते वाक्य कानात वाजलं, पोरीला दाण्याची ददात पडायची नाही. भाऊ घरी जाऊन काय सांगेल? शेतीवाल्या घरात दिलेली बहीण कंट्रोलची मिलो खाते म्हणून?

मी कोपऱ्यातल्या मडक्याचं लिंपण फोडलं. घरच्या जात्यावर दळलं. त्या संध्याकाळी वर्षातल्या सगळ्यात पांढऱ्या, टम्म फुगलेल्या भाकरी केल्या. भाकर शिकल्याचा अभिमान वाटायचा दिवस खरा तर तो, पण हात थरथरत होते. सासऱ्यांनी भाकरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. भाऊ तीन दिवस राहिला. एकट्या त्याला वेगळी भाकर वाढता येत नव्हती, म्हणून तीन दिवस सगळं घर पांढरी भाकर जेवलं. मडक्याच्या तळाशी ओंजळभर दाणे उरले. मी वर पुन्हा पाला घातला, झाकण लावलं, शेणाने लिंपलं आणि भावाबरोबर माहेरी गेले.

मनात होतं, कुठूनतरी पाच शेर मिळवीन आणि भरून ठेवीन. परत आल्यावर दोन-तीन घरी गुपचूप विचारलंही. ज्वारी कुणाकडेच नव्हती. जिच्याकडे असेल ती कशाला सांगेल?

त्या जूनमध्ये पाऊस आला. असा आला की म्हाताऱ्या माणसांनी अंगणात उभं राहून अंगावर घेतला. बेंबळेला पाणी आलं, विहिरी भरल्या. भाद्रपद उजाडेपर्यंत शिवारातली ज्वारी पोटरीवर आली होती, जिकडे पाहावं तिकडे हिरवं. आणि घरात मात्र दाणा नाही. हे शहरातल्या माणसाला पटकन समजत नाही. पाऊस पडला की दुष्काळ संपतो असं त्याला वाटतं. शेतकऱ्याच्या घरातला दुष्काळ पाऊस पडल्यावर आणखी पाच महिने चालतो. पीक हाती येईपर्यंत चूल त्या कंट्रोलच्या पिशवीवरच असते.

महालक्ष्म्या यायच्या आदल्या रात्री सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, मडकं काढ. जवारी भिजू घालतो."

मी उठले नाही. चुलीपुढे तशीच बसून राहिले आणि सगळं सांगितलं. सांगताना रडले. आजही लिहिताना छातीत धडधडतं. मारहाण, शिवीगाळ असल्या गोष्टी त्या घरात नव्हत्या, पण देवीच्या नावाने ठेवलेलं धान्य सुनेने चोरून खाऊ घातलं, यावर घरात काय काय होऊ शकतं हे मला माहीत होतं. आणि त्याहून मोठी भीती वेगळीच होती. लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं, कूस उजवली नव्हती. उद्या काही वाईट झालं तर ते याच मडक्यावर येणार, हे मी मनात धरून बसले होते.

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी एकच विचारलं, "भाऊ पोटभर जेवला होता ना तुहा?"

मी मान हलवली.

"मंग झालं. मले सांगाचं होतं. चार महिने एकटीच जळत बसली." एवढं बोलून त्या उठल्या. मडक्यातले ओंजळभर दाणे सुपात घेतले, शेजारी कंट्रोलची मिलो ओतली, दोन्ही एकत्र पाखडून भिजत घातलं. मी म्हटलं, "आई, मिलो चालेल देवीला?" त्या म्हणाल्या, "जवारीच हाय ना ते? मंग?"

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. दारापासून कुंकवाची पावलं, ताटलीचा नाद. तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या, आंबील झाली ती गुलाबीसर मातकट रंगाची. पुरण थोडं, भाज्या सोळा जमल्या नाहीत, अकरा झाल्या. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या. एकीने पानातल्या आंबिलीकडे पाहून विचारलंच, "बाई, हे मिलो होय काय?" मी खाली पाहिलं. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "होय. घरात जे हाय तेच पाहुणीले वाढा लागते. ते काई उपाशी गावात एकटी गोड खायले येत नाही."

बायका गप्प झाल्या. मग एक म्हातारी म्हणाली, आमच्या घरीबी तेच हाय, आमी तांदुयाची कणी घालून रंग लपवला. आणि सगळ्या हसल्या. मीही हसले, कित्येक महिन्यांनी.

त्या दिवसापर्यंत मी देवाला भ्यायचे. नंतर भ्याले नाही. माझ्या श्रद्धेचा सगळा हिशोब एवढाच आहे. पुढे पुस्तकं वाचली, मुलांना इतिहास शिकवला, बऱ्याच गोष्टींवरचा विश्वास गळून पडला. हे मात्र राहिलं.

आता त्या दाण्याबद्दल. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा मला कळलं, सासूबाई जे सुपापुढे बसून बोलल्या ते वनस्पतिशास्त्रानेही खरं आहे. मिलो आणि आपली ज्वारी ही एकच जात, 'सोर्घम बायकलर'. मूळ आफ्रिकेतलं. तिथून हजारो वर्षांपूर्वी एक शाखा आपल्याकडे आली आणि गावरान झाली, दुसऱ्या शाखा अगदी अलीकडे अमेरिकेत गेल्या. एका आईच्या दोन लेकी, एक लवकर सासरी गेली, एक उशिरा.

पण खरी गंमत पुढे आहे. १९५४ साली टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड या शास्त्रज्ञांनी मिलो आणि काफिर या दोन ज्वारींचा संकर करून परागकण न देणारी, म्हणजे नरवंध्य ज्वारी मिळवली. संकरित बियाणं शेतावर मोठ्या प्रमाणात करणं त्यामुळे सोपं झालं. आपल्याकडची पहिली संकरित ज्वारी सीएसएच-१ ही १९६४ साली आली, तिची मादी ओळ याच पद्धतीची. रूप काफिरचं, पण पेशीद्रव्य मिलोचं. आणि पेशीद्रव्य हे फक्त आईकडून येतं. नाईकांच्या काळात महाराष्ट्रात जी हायब्रीड ज्वारी गावोगावी पोचली, जिच्यामुळे दाण्याची तूट भरून निघायला मोठा हात लागला, तिच्या आईकडच्या वंशात ती मिलो बसलेली होती. म्हणजे आमच्या शेतात ती कंट्रोलच्या पिशवीआधीच येऊन राहिली होती. आम्हाला पत्ता नव्हता.

हे मला सासूबाईंना सांगायचं होतं. त्या १९९४ साली गेल्या. मला हे त्यानंतर कळलं. सांगितलं असतं तर काय म्हणाल्या असत्या ते मात्र मला पक्कं माहीत आहे. "मंग? सुनाबी बाहेरूनच येतात ना."

भावाचंही सांगून टाकते. खूप वर्षांनी एका लग्नात जेवताना मी त्याला ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "वेडी गं तू. तेव्हा अमरावतीला आपल्या घरीही मिलोच होती. तुझ्याकडची पांढरी भाकर पाहून मी आईला सांगितलं, ताई सुखात आहे." त्या पाच शेरांनी आईला किती रात्री झोप लागली असेल, याचा विचार मी तोवर केलाच नव्हता. चोरी ती चोरीच. पण तिचं ओझं त्या दिवशी आणखी थोडं उतरलं.

आता बाभुळगावच्या शिवारात जिकडे तिकडे कापूस आणि सोयाबीन दिसतं. ज्वारीचे पट्टे शोधावे लागतात. पाखरं खातात, रानडुकरं नासधूस करतात, कापणी-मळणीला माणूस मिळत नाही, शेतकऱ्याने तरी का पेरावी? पऱ्हाटी अजून दिसते, पण चुली गेल्या, घरोघरी गॅस आला. बेंबळेवर धरण झालं. २०२३ हे वर्ष भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचं वर्ष म्हणून पाळलं, तेव्हा मला आधी आनंद झाला आणि मग दुकानातला ज्वारीचा भाव पाहिला. गव्हापेक्षा जास्त! गरिबाची भाकर श्रीमंताच्या पथ्याची झाली.

महालक्ष्म्या आता मुलाकडे बसतात. सून सगळं करते, तिला मी कशातही अडवत नाही. एकच गोष्ट माझ्याकडे आहे. आंबिलीची ज्वारी भिजवताना मी त्यात मूठभर लाल दाणे टाकते, मिळतील तेव्हा. आंबिलीला किंचित रंग येतो. कुणी विचारलं तर सांगते, आमच्या घरची रीत आहे.

यंदा नातीने विचारलंय. बिस्किटांचा पुडा संपवता संपवता तिला हे सगळं वाचायला देणार आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी त्र्याहत्तर साली सणाला काय रांधलं होतं, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा. आता विचारलं नाही तर राहून जाईल.

असो. चुलीवरचं बोलणं लांबतंच.